साखर नॉर्मल आली म्हणून गाफील? इन्सुलिन रेझिस्टन्स शोधताना या चुका टाळा

देवगड असो की गुहागर, उपाशीपोटीची साखर ९५ आली की माणूस रिपोर्ट घडी करून खिशात घालतो आणि निश्चिंत होतो. सगळ्यात मोठी चूक हीच. शरीर इन्सुलिनला, म्हणजे साखर ताब्यात ठेवणाऱ्या हार्मोनला, दाद देईनासं झालं (हाच इन्सुलिन रेझिस्टन्स) की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून साखर ताब्यात ठेवतं, आणि हे वर्षानुवर्षं चालू शकतं. साखर शंभरी ओलांडते तेव्हा सुरुवातीचा काळ हातचा गेलेला असतो.

म्हणून आधी टेप. पँटचा नंबर सांगू नका. सुटलेल्या पोटाखाली बांधलेल्या पँटचा नंबर कधीच वाढत नाही! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडून, उघड्या अंगावर माप घ्या. पुरुषांत ९० सेंमी, बायकांत ८० सेंमीच्या पुढे गेलं तर पुढची तपासणी हवीच. आशाताई तिशीपुढच्यांचा फॉर्म भरतात त्यातही कमरेचं माप असतं. ते साडीवरून अंदाजाने लिहू देऊ नका.

‘तो काटकुळा, त्याला कसली साखर?’ हेही सोडा. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३ होता, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटोच छापून आला.

मानेवरची काळपट, जाडसर, मखमली कातडी ‘उन्हाने रापली’ म्हणून घासत बसू नका. किनाऱ्यावर हा गैरसमज फार सहज होतो. ऊन कपाळ आणि हात रापवतं. काखेत ऊन पोचत नाही. तिथेही तसाच काळेपणा असेल तर डॉक्टरांना दाखवा.

लिपिड रिपोर्टमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, नजर फक्त एलडीएलवर (‘वाईट’ कोलेस्टेरॉलवर) जाते. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) १५० किंवा जास्त, आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० च्या, बायकांत ५० च्या खाली असेल, तर ती जोडी बोलकी आहे. सोनोग्राफीतलं फॅटी लिव्हर, पीसीओएस (बायकांमधला अंडाशयाचा हार्मोन-विकार), गरोदरपणात वाढलेली साखर हे सगळं विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

तपासणीच्या सकाळी ‘नुसता चहा’ही नको. आठ तास फक्त पाणी. जेवणानंतरच्या साखरेसाठी दोन तास पहिल्या घासापासून मोजा, आणि त्या दिवशी मुद्दाम पेज पिऊन आकडा सजवू नका. आंबे संपेपर्यंत तपासणी लांबवणारेही कमी नाहीत. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करताना हिमोग्लोबिन बघा: लोहाच्या कमतरतेने तो आकडा उगाच वाढू शकतो.

उपाशीपोटीच्या इन्सुलिनची महाग तपासणी सरसकट करू नये, असं माझं मत. लॅबनुसार आकडे बदलतात आणि सर्वमान्य मर्यादा नाही. कंबर, मान आणि लिपिड संशय दाखवत असूनही उपाशी साखर नॉर्मल असेल, तर ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर मोजायला सांगा; १४० ते १९९ आली तर ती मधुमेहाच्या आधीची पायरी.