पावसाळ्यातही खिडकीच्या ग्रिलमध्ये खत कसं करायचं

मुंबईतलं देवनारचं डम्पिंग, म्हणजे शहराचा कचरा टाकायचं मैदान, 1927 पासून चालू आहे आणि आपल्यासारख्या विकसनशील देशांत कचऱ्यात निम्म्याहून जास्त ओलाच असतो, तो ढिगाखाली हवेविना सडला की मिथेन हा पेट घेणारा वायू निघतो. 2016 च्या जानेवारीतला देवनारच्या आगीचा धूर आठवतो ना? म्हणून ओला कचरा घरीच जिरवा.

रंगाची जुनी बादली धुवून बाजूने आणि तळाला भोकं पाडा, खाली ताट ठेवा नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतील. तळाशी नारळाच्या शेंड्या, मग रोजची सालं, देठं, चहाचा चोथा चिरून टाका आणि त्यावर तेवढाच किंवा जरा जास्तच सुका माल, म्हणजे वाळकी पानं, पेपरचे तुकडे, सुताराकडचा भुसा (प्लायचा नको, त्यात गोंद असतो). सगळा खेळ ह्या सुक्याचा आहे, महागडं कल्चर (कचरा कुजवणारं विकतचं विरजण) कशाला, आंबट ताक पुरतं. 2-3 दिवसांनी ढवळा.

मुंबईत जूनपासून कोरडं पान मिळायची बोंब, त्यामुळे मे महिन्यातच गोणी भरून ठेवा. वास आला म्हणजे ओलं जास्त झालं, सुकं टाकून ढवळा. अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, त्या कचराच खातात. कोलंबीची सालं, बोंबलाची डोकी मात्र नकोच, उंदीर येतात.

साधारण 2 महिन्यांत काळं भुसभुशीत झालं की चाळून कुंडीत 1 भाग खत, 3 भाग माती. वरचं जाडंभरडं परत बादलीत, पुढच्या खेपेचं विरजण.