प्रिंटरचं कार्ट्रिज रिफिल करताय? या चुका टाळा

सोलापुरात विजापूर रोडला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. कॅननचे दोन लेझर प्रिंटर (एलबीपी २९००), एक ब्रदर आणि रंगीतसाठी टाकीवाला एप्सन, एवढा संसार. कॅननची कार्ट्रिजं वर्षानुवर्षं रिफिलवर चालतात, त्यामुळे ‘ओरिजिनलच वापरा’ असा उपदेश माझ्याकडून मिळणार नाही. ओरिजिनल टोनरच्या, म्हणजे पावडरीच्या कार्ट्रिजच्या, पैशात सेकंडहँड प्रिंटर येतो, मग घेणार कोण? पण रिफिलमध्ये मी पैसे घालवलेतही भरपूर. आणि ते पावडर हलकी होती म्हणून कमी, भरायला नको होतं तेव्हा भरलं म्हणून जास्त.

पावडर भरली म्हणजे कार्ट्रिज नवं झालं

ही सगळ्यात महागडी समजूत. कॅनन २९०० चं ३०३ नंबरचं कार्ट्रिज घ्या नाहीतर एचपीचं १२ए, बाजारात दोन्ही १२ए म्हणूनच चालतात. त्याच्या पोटात नुसती पावडर नसते. अक्षरं आधी ज्याच्यावर उमटतात तो चकचकीत ड्रम असतो, ड्रमला चार्ज देणारा पीसीआर रोलर, पावडर उचलणारा मॅग्नेटिक रोलर, पावडरीचा थर पातळ ठेवणारी डॉक्टर ब्लेड आणि कागदावर न गेलेली पावडर खरवडून काढणारी वाइपर ब्लेड. कंपनी या कार्ट्रिजची साधारण २००० पानं सांगते, तीही पानाचा ५ टक्के भागच काळा होईल असं धरून. आधार कार्डाची काळीकुट्ट कॉपी त्या हिशोबात बसत नाही. रिफिलवाला पावडर ताजी घालतो, बाकीचा माल तोच झिजलेला.

एका जूनमध्ये निकाल लागले होते आणि दुकानासमोर दाखल्यांच्या अर्जांची रांग होती. प्रत्येक पानावर करडा ठिपका. मी पानं पुढे सारत होतो. शेवटी एका बाईंनी कागद परत काउंटरवर ठेवला, “काय ओ, पोरीच्या गालावर तीळ नाही आमच्या.” ठिपका बरोबर फोटोवर बसला होता. गर्दी ओसरल्यावर पट्टी घेऊन मोजलं. एकाच पानावर ठिपका खाली खाली तीनदा आलेला आणि दर वेळी मधलं अंतर साडेसात सेंटीमीटर. १२एच्या ड्रमचा घेर ७५ मिमी असतो. म्हणजे ड्रमवर एका जागी टोचा पडलेला, तो दर फेरीला शिक्का मारत होता. तेच कार्ट्रिज पाचव्यांदा भरलेलं होतं. पावडर बदलून काय होणार?

तेव्हापासून पट्टी काउंटरवरच असते. ठिपका ७५ मिमीवर परत आला तर ड्रम. त्याच्या निम्म्यावर, सुमारे ३८ मिमीवर आला तर पीसीआर. तो पुसून भागतं का बघायचं, नाहीतर बदलायचा. पानभर वरपासून खालपर्यंत बारीक काळी रेघ असेल तर ड्रमवर चरा किंवा वाइपर ब्लेडची धार गेलेली. रेघ पांढरी असेल तर डॉक्टर ब्लेडपाशी कचरा किंवा गुठळी अडकलेली असते, कधी आतल्या लेझरच्या आरशावर धूळही असते.

दोष कार्ट्रिजचा की प्रिंटरचा हे कळत नसेल तर अजून एक युक्ती. प्रिंट निम्म्यात असताना झाकण उघडा आणि कार्ट्रिज काढून ड्रमची झडप सरकवून बघा. ड्रमवर अक्षरं स्वच्छ उमटलीत आणि बाहेर येणाऱ्या कागदावर मात्र फिसकटतात, तर कार्ट्रिज निर्दोष आहे. पावडर वितळवून कागदाला चिकटवणारा फ्यूजर बघा, म्हणजे मेकॅनिक ज्याला टेफ्लॉन म्हणतात ते. बोटाने घासल्यावर अक्षरं पुसली जात असतील तरी पहिला संशय त्याच्यावरच, दुसरा हलक्या पावडरीवर. ड्रमला बोट मात्र लावू नका आणि उजेडात फार वेळ उघडा ठेवू नका.

माझा नियम असा की तिसऱ्या रिफिलला ड्रम आणि वाइपर ब्लेड बदलून घ्यायची. थोडे जास्त पैसे जातात, पण फुकट गेलेल्या पानांपेक्षा कमीच.

वेस्ट न काढता भरून घेणं

वाइपर ब्लेडने खरवडलेली पावडर कार्ट्रिजच्याच दुसऱ्या कप्प्यात साठते. घाईतला रिफिलवाला गरम सळईने भोक पाडतो, पावडर ओततो, वर चिकटपट्टी लावतो आणि तो कप्पा तसाच ठेवतो. भरून वाहायला लागला की पानाच्या कडेने काळी धूळ सांडते आणि सगळा प्रिंटर आतून राखाडी होतो. काही महाभाग तीच वेस्ट पावडर परत वापरतात. तिच्यात कागदाचा भुसा असतो. पान पांढरं न येता धुरकट आलं तर हे विचारून घ्या. शक्य असेल तर समोर उभं राहून भरून घ्या. रिफिलवाला कुरकुरतो, कुरकुरू दे. आणि पावडर कपड्यावर सांडली तर झटकायची, मग गार पाण्याने धुवायची. ती वितळूनच कागदाला चिकटते, त्यामुळे गरम पाण्याने डाग कायमचा बसतो.

कुठलीही पावडर कुठेही

‘काळी ती काळीच की सर’ हे मी स्वतः ऐकलंय. १२एची पावडर चुंबकीय असते, तिच्यात लोहाचा अंश असतो. ब्रदरची नसते. ब्रदरमध्ये १२एची पावडर घातली की ते टोनर तर गेलंच, ड्रमही खराब होतो. ओळखायची रीत सोपी: कागदावर चिमूटभर पावडर घ्या आणि खालून चुंबक फिरवा. लवेसारखी उभी राहिली आणि मागे मागे सरकली तर १२एच्या जातीची. निपचित पडून राहिली तर ती त्यात घालू देऊ नका.

ब्रदरमध्ये आणखी एक फरक आहे, टोनर वेगळं आणि ड्रम युनिट वेगळं. टीएन २३६५ टोनर २६०० पानांचं, डीआर २३६५ ड्रम १२,००० पानांचा. टोनर भरूनही छपाई सुधारत नाही म्हणून लोक तेच परत परत भरतात आणि ड्रमकडे बघतच नाहीत.

मे महिना आणि गाडीची डिकी

सोलापूरचं ऊन मी काय सांगावं. एकदा नवी पेठेतून भरलेली दोन कार्ट्रिजं डिकीत टाकली, वाटेत एका लग्नाला गेलो, चार तास गाडी उन्हात. संध्याकाळी प्रिंट काढली तर पान निम्मं काळं, निम्मं फिकट. टोनर म्हणजे बारीक दळलेलं प्लास्टिकच, उन्हाने त्याच्या गुठळ्या होतात. हलवून हलवून एक कसंबसं चाललं, दुसरं टाकून दिलं. आता काळ्या पिशवीत घालून थेट दुकानात, मध्ये जेवणावळ नाही.

सील न काढणं

नवं कॉम्पॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं कार्ट्रिज बसवलं आणि पान कोरं आलं, तर भांडायला जाण्याआधी बाजूची पट्टी ओढून पूर्ण काढलीत का बघा. आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक हे विचारायला येतं.

चिपचा विचार न करता खरेदी

१२एला चिपच नाही, म्हणून ते रिफिलवाल्यांचं लाडकं. नव्या प्रिंटरचं तसं नाही. एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये डायनॅमिक सिक्युरिटी असते, फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झालं की काल चालणारं कॉम्पॅटिबल आज ‘ओळखत नाही’ म्हणतं. सप्टेंबर २०१६ मध्ये याच कारणावरून जगभर ओरड झाली होती. बाहेरचं टोनर वापरायचं असेल तर ऑटो अपडेट आधी बंद करा, अडकल्यावर नाही. सेटिंगमध्ये कार्ट्रिज प्रोटेक्शन चालू असेल तर तेही बंद करा, नाहीतर ते कार्ट्रिज त्याच एका प्रिंटरशी कायमचं जखडतं. आणि नवा प्रिंटर लावताना एचपी प्लसला, म्हणजे ओरिजिनलच वापरायची अट असलेल्या योजनेला, होकार दिलात, तर रिफिलचा विषयच संपला.

शाईचं कार्ट्रिज संपेपर्यंत ओढणं

इंकजेटचं गणित अगदी उलटं आहे. एचपी ८०३, ६८० किंवा कॅनन ७४५ आणि ७४६ यांत छपाईचं हेड कार्ट्रिजलाच असतं. बारीक हीटर शाई तापवून थेंब उडवतात. शाई नसताना हीटर चालला की जळतो आणि ते कार्ट्रिज कितीही भरा, उठत नाही. म्हणून अक्षर फिकट दिसायला लागलं की लगेच थांबा.

पूर्व भागात टॉवेलचा कारखाना असलेले एक गृहस्थ असंच कार्ट्रिज घेऊन आले होते. महिन्यातून दोनदा बिलं काढायची, बाकी दिवस प्रिंटर बंद. मे महिन्यात हेडवरची शाई वाळून खडा झालेली. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडावर हेड टेकवून ठेवलं, तासाभराने काळी सुटली. रंगीत नाही सुटलं. अशा माणसाने रिफिल करण्यापेक्षा लेझर घ्यावा हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं, माझा धंदा बुडाला तरी. वापर नियमित नसेल तर इंकजेटमध्ये कुठलीच काटकसर टिकत नाही.

घरी सिरिंजने भरणार असाल तर तीन गोष्टी. कुठल्या भोकात कुठला रंग हे अंदाजाने ठरवू नका. आधी टूथपिक घालून बघा, टोकाला जो रंग लागेल तोच तिथे भरा. मी एकदा पिवळ्यात निळा घातलाय. बारशाच्या पत्रिकेवरचा बाळकृष्ण हिरवा आला. दुसरं, शाई हळू सोडा, आतला स्पंज पिऊ दे, वर डबकं दिसलं की थांबा. तिसरं, भरल्यावरही स्क्रीनवर ‘शाई संपली’ दिसणारच, कारण प्रिंटर शाई मोजत नाही, छापलेल्याचा अंदाज धरतो. कॅननमध्ये ई१३ किंवा ई१६ आलं तर स्टॉपचं बटण पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरा, काम पुढे चालू होतं. मात्र मग पातळीवर लक्ष तुमचं तुम्ही ठेवायचं.

टाकीवाल्या प्रिंटरचा बोर्डच बंद करणं

रात्री दुकान बंद करताना आपण मेन स्विच पाडतो. टाकीच्या प्रिंटरला हे चालत नाही. त्याच्याच बटणाने बंद केलं तर हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. मेन पाडला तर कधी उघडंच राहतं आणि वाळतं. मग लोक हेड क्लीनिंगवर हेड क्लीनिंग मारतात. त्यातली सगळी शाई खालच्या पॅडमध्ये जाते, पॅड भरला की प्रिंटर लाल दिवे लावून बसतो. दोन-तीन वेळा करूनही नोझल (शाई उडवणारी बारीक भोकं) सुटले नाहीत तर रात्रभर तसंच ठेवा, सकाळी परत बघा.

बाहेरची शाई घेताना डाय (विरघळलेला रंग) की पिगमेंट (बारीक कणांचा रंग) हे बाटलीवर वाचा. एप्सनची ००३ डाय आहे. तिथे पिगमेंट मिसळली तर हेड चोंदतं, आणि हे हेड प्रिंटरचं असतं, कार्ट्रिजचं नाही. डायवर घामाचा हात लागला तरी अक्षर पसरतं, म्हणून कोर्टाचे कागद मी लेझरवरच काढतो.

कागद अडकला की कार्ट्रिजवर राग

टॉवेल-चादरीच्या कारखान्यात प्रिंटर असेल तर कापसाची तूस पिकअप रोलरवर बसते आणि तो गुळगुळीत होऊन कागद घसरतो. टोनर बदलू नका. ओलसर कापडाने रोलर फिरवून पुसा, वाळू दे.

भरून आणलेल्या प्रत्येक कार्ट्रिजच्या बाजूला मी मार्करने एक उभी रेघ मारतो आणि तारीख लिहितो. तीन रेघा झाल्या की ड्रम बदलून एक गोल काढतो, आणि ज्याच्यावर असे दोन गोल झालेत ते रिफिलवाल्याकडे जात नाही. सध्या काउंटरखाली तसली चार पडलीत, भंगारवाला घेत नाही म्हणून.