‘लाइट’ म्हणजे वीज! इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांना विज्ञान शिकवताना या चुका टाळा

पाचवीपर्यंत हिंदीत शिकलेली पाच-सात मुलं इंदूरला आमच्या इंग्रजी माध्यमाच्या सहावीत दरवर्षी येतात. आणि दरवर्षी नवे शिक्षक त्याच चुका करतात. त्यातली सगळ्यात मोठी मी स्वतः करून बसलेय.

ती म्हणजे सोपा शब्द सोपा समजणं. ‘फोटोसिंथेसिस’ आपण दहादा म्हणवून घेतो, पोरं अडकतात ‘लाइट’वर. माझ्या पहिल्याच वर्षी चाचणीत एकानं झाडाची कुंडी काढली; शेजारी बल्ब, वायर, भिंतीवर चक्क बटण. मी शून्य दिला. मधल्या सुट्टीत वही घेऊन हजर. “मॅडम, आपने ही तो बोला था, प्लांट को लाइट चाहिए.” संध्याकाळी रामबागेत घरी पोचले तर अंधार. “आई, लाइट कधी गेली?” मीच सासूबाईंना ओरडून विचारलं आणि जिन्यातच थबकले. दुसऱ्या दिवशी मार्क दिले.

‘सेल’चंही तेच. धड्यातला सेल म्हणजे पेशी; मुलांचा सेल टॉर्चमधला, नाहीतर राजवाड्यावरच्या दुकानांतला.

आता धड्यातले असे शब्द मी आधी पेन्सिलनं गोल करते, आणि प्रयोग आधी, भाषा नंतर. कुंडी दोन दिवस अंधाऱ्या कपाटात. मग पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून चार-पाच तास ऊन. पान पाण्यात उकळायचं, मग स्पिरिटमध्ये (भांडं गरम पाण्यात ठेवून, थेट आचेवर कधीच नाही), धुऊन वर आयोडीन. उघडा भाग निळा-काळा होतो, म्हणजे तिथे स्टार्च बनलंय; पट्टीखालचा नाही. “हिअर सन, हिअर नो सन”, पहिल्या दिवशी एवढं इंग्रजी खूप झालं.

“अंडरस्टुड?” विचारूच नका. चाळीस मुलं सुरात “येस मॅडम” म्हणतात, कळलेलं असतं चौघांना.

आवाज चढवू नका, मूल बहिरं नाही. फोनवरून भाषांतर काढून वाटण्याचा आळस तर नकोच. ‘प्रकाश संश्लेषण’ छापून दिलं म्हणजे पानात काय घडतं ते कळत नाही.

आणि घाई. एप्रिलमध्ये आलेलं मूल दिवाळीपर्यंत इंग्रजीत भांडायला लागलं की “आता येतं की त्याला” म्हणून मोकळे होतात. कॅनडाचे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स सांगतात, बोलण्यापुरती भाषा साधारण 2 वर्षांत येते, अभ्यासाची यायला 5 ते 7 वर्षं लागतात. तोवर मी प्रयोगाच्या पायऱ्या चिठ्ठ्यांवर चित्रं काढून देते आणि क्रमानं लावायला सांगते. वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी त्या सगळ्यांच्या आधी लावते.