जुनी टूलपेटी ओळखायला जाण्याआधी

टूलपेटी कुणी बनवली आणि केव्हा, हे शोधायचं निम्मं काम घरीच होतं. इंदूरच्या लोहामंडीतल्या गोदामात उजेड कमी असतो, मागून हमालांची ये-जा चालू असते आणि दुकानदाराला सौदा दहा मिनिटांत उरकायचा असतो. म्हणून पिशवी आदल्या रात्रीच भरून ठेवावी. त्यात एक चांगली टॉर्च, दहापटीचं भिंग, छोटं चुंबक, इंच आणि मिलिमीटर दोन्ही खुणा असलेली सहा इंची स्टीलची पट्टी, मायक्रोमीटर, आटे मोजायचा थ्रेड गेज, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा आरसा आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा हवा. सोबत एक इंची मऊ ब्रश, कापूस, पाण्याची लहान बाटली, मऊ शिशाची पेन्सिल आणि पातळ पांढरे कागद घ्यावेत. वेगवेगळ्या रुंदीच्या पात्यांचे दोन-तीन पेचकस लागतात, कारण खाचेपेक्षा अरुंद पातं वापरलं की जुन्या पितळी स्क्रूचं डोकं हमखास बिघडतं. काढलेला स्क्रू त्याच भोकात परत गेला पाहिजे, म्हणून झिपच्या पिशव्या आणि चिकटपट्टी घ्यावी. मास्क आणि हातमोजेही घ्यावेत. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ फुफ्फुसात जाणं बरं नाही.

थिनर, पेट्रोल, तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर मात्र घरीच ठेवावेत. कारखान्याचं नाव पुष्कळदा झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याने चिकटवलेल्या पातळ छापील ट्रान्सफरवर असतं. थिनरचा एक बोळा फिरला की ते कायमचं गेलं. पेटी आधी वाचायची आणि मगच स्वच्छ करायची. विकणाऱ्यालाही फोनवरच सांगावं, की बाबा, धुऊन-पुसून ठेवू नकोस, आहे तशीच दाखव.

निघण्याआधी एका कागदावर तारखांची पट्टी लिहून घ्यावी. तिच्यामागचा नियम असा, की पेटीतला सगळ्यात नवा अस्सल भाग तिचं वय ठरवतो. जुन्या भागाच्या जोरावर वय मागे नेलं की चूक होते. कुलपावर १९०४ सालची पेटंटची तारीख कोरलेली असली, तरी त्याच साच्यातून पुढे कित्येक वर्षं कुलपं निघत राहिलेली असतात. त्या तारखेवरून एवढंच कळतं, की पेटी १९०४ च्या आधीची नाही. अमेरिकी मालावर तारीख न छापता पेटंटचा क्रमांक छापायची रीत १९२७ पासूनची. क्रमांकांचे मैलाचे दगड पाठ असावेत: दहा लाखावा क्रमांक १९११ मध्ये दिला गेला, वीस लाखावा १९३५ मध्ये, तीस लाखावा १९६१ मध्ये. म्हणजे सात आकडी क्रमांक एकाने सुरू होत असेल तर ते पेटंट १९११ ते १९३५ मधलं. अमेरिकी पत्त्यात शहराच्या नावानंतर एक-दोन आकडी विभाग क्रमांक असेल तर लेबल १९४३ ते १९६३ च्या दरम्यानचं, आणि पाच आकडी झिप कोड असेल तर जुलै १९६३ नंतरचं. ‘पश्चिम जर्मनी’ छापलेला माल १९४९ ते १९९० मधला. भारतीय लेबलवर सहा आकडी पिन कोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं असूच शकत नाही. किंमत आण्यांत असेल तर चिठ्ठी बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीची, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधली.

वस्तूंच्याही तारखा असतात. चार पाकळ्यांच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर बाजारात आला. हार्डबोर्डचा शोध १९२४ चा, त्यामुळे खणांचे तळ मुळातच हार्डबोर्डचे असतील तर पेटी त्यानंतरची. क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर रुळला. त्याआधीचं चकचकीत काम निकेलचं. दिवसाच्या उजेडात निकेल किंचित पिवळसर दिसतं आणि क्रोम निळसर, म्हणून गोदामातल्या ट्यूबलाइटखाली हा निकाल देऊ नये. पेटी दारात आणून बघावी.

पेटी समोर आली की हात लावण्याआधी फोटो काढावेत: सहाही बाजू, झाकण उघडून आतली बाजू, प्रत्येक खण बाहेर काढून त्याची पाठ आणि तळ. टॉर्च पेटीला जवळजवळ टेकवून आडवी धरली की पुसट ठसे सावलीने वर येतात. तरीही वाचता आलं नाही तर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवावी. ठशात रंग भरला असेल तर त्याच्यावर खडूची भुकटी चोळून वरवर पुसावी. खाचेत खडू राहतो आणि अक्षर पांढरं दिसतं.

सगळ्यात जास्त फसवणूक नाव वाचतानाच होते. पेटीवर ठळक दिसणारं नाव बहुधा कुलूपवाल्याचं असतं. ईगल लॉक, टेरीव्हिल किंवा कॉर्बिन, न्यू ब्रिटन ही कनेक्टिकटमधल्या कुलूप कारखान्यांची नावं आहेत. ती कुलपं अनेक पेटीवाल्यांनी बसवली, त्यामुळे ‘ईगलची पेटी’ असं म्हणून कुणी भाव सांगितला तर तो कुलपाचा भाव समजावा. दुसरा घोटाळा विक्रेत्याच्या नावाचा. क्राफ्ट्समन हा सीअर्स या अमेरिकी दुकानसाखळीने १९२७ मध्ये सुरू केलेला ब्रँड, पण पेट्या दुसऱ्यांकडून बनवून घेतलेल्या. त्यांच्या मॉडेल क्रमांकात टिंबाआधीचे तीन आकडे खऱ्या उत्पादकाचे असतात, उदाहरणार्थ ७०६ म्हणजे आयोवातली वॉटरलू. लाकडी पेट्यांमध्ये गेर्स्टनर हे मोठं नाव, ओहायोतल्या डेटनचं, १९०६ पासूनचं. तपकिरी सुरकुतलेल्या रंगाची पत्र्याची पेटी असेल तर आधी केनेडी आठवावी, ओहायोतल्याच व्हॅन वर्टची, १९११ पासूनची. हे दोघेही आजपर्यंत पेट्या बनवत आले आहेत, म्हणून नुसत्या नावावरून वय निघत नाही. युनियन या आणखी एका पेटीवाल्याच्या पेटीवर रॉचेस्टर लिहिलेलं आधीचं, ले रॉय लिहिलेलं नंतरचं. दोन्ही गावं न्यूयॉर्क राज्यातली.

उत्पादकाच्या नावाचा बिल्ला निघून गेला असेल तर त्याची जागा बघावी. तिथलं लाकूड किंवा रंग कमी उडालेला असतो आणि पिनांची भोकं राहतात. भोकांमधलं अंतर, उंची आणि आकार मोजून लिहून घ्यावा. नंतर दुसऱ्या पेटीच्या बिल्ल्याशी ताडता येतो. उलट बिल्ला आहे पण त्याच्याखाली वेगळ्या अंतरावरची जुनी भोकं दिसतात, तर तो बिल्ला बाहेरून आणून लावलेला आहे.

लाकूड ओळखताना घाई नको. विलायती आणि अमेरिकी चांगल्या पेट्या बहुतेक ओकच्या. ओकच्या उभ्या कापात आडवे चमकदार पट्टे दिसतात, ते सागवानात नसतात. सागवान हाताला थोडं तेलकट लागतं, ताज्या कापाला चामड्यासारखा वास येतो. पेटी सागवानी निघाली तर ती बहुधा इकडेच विलायती नमुन्यावर घडवलेली, आणि ती कमी दर्जाची समजू नये. सांध्यांचं काम पाहून ठरवावं.

ओकमध्ये एक साक्षीदार आयता मिळतो. ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्याची ओलसर हवेत लोखंडाशी प्रक्रिया होते आणि स्क्रूभोवती निळसर काळं वर्तुळ उमटतं. इंदूरचे कित्येक पावसाळे काढलेल्या पेटीत ते असायलाच हवं. लोखंडी स्क्रूभोवती डाग नसेल तर स्क्रू अलीकडे बदलला. डाग आहे पण आत पितळी स्क्रू बसलाय, तर मूळ स्क्रू लोखंडी होता आणि कुणीतरी पेटी ‘सजवली’ आहे. पितळ खरं की मुलाम्याचं, ते चुंबकाने तपासावं.

पत्र्याच्या पेटीत जाडी मोजावी, पण रंग आणि गंज नसलेल्या कडेवर. गेज हा पत्र्याच्या जाडीचा क्रमांक. ब्रिटिश २२ गेज म्हणजे सुमारे ०.७१ मिलिमीटर, अमेरिकी २२ गेज सुमारे ०.७६. २० गेजला मात्र दोन्हीकडे ०.९१ च्या आसपासच येतं, तिथे हा उपाय चालत नाही. बरोबर ०.८ किंवा १ मिलिमीटर भरलं तर पत्रा मेट्रिक मापाचा, आणि भारतीय पेटी असेल तर १९६० च्या आधीची असण्याची शक्यता कमी. मुठीचा स्क्रूही मोजावा. ब्रिटिश २ बीए (ब्रिटिश असोसिएशन मापाचा) स्क्रू ४.७ मिलिमीटरचा, अमेरिकी १०-३२ मापाचा स्क्रू ४.८३ मिलिमीटरचा. दिसायला सारखेच, म्हणून एकाच्या जागी दुसरा दामटून बसवलेला सापडतो आणि आटे खराब होतात. बीएचे आटे म्हणजे ब्रिटिश किंवा त्या परंपरेतलं भारतीय काम. रंगाचा खरा थर मुठीच्या पट्टीखाली सापडतो. एकच मूठ सोडवून बघावी. सुरकुतलेला रंग १९३० च्या दशकात रूढ झाला, पण त्याच्याखाली गुळगुळीत रंग निघाला तर पेटी नंतर रंगवली आहे.

इंदुरातल्या पेट्यांवर मालकाच्या खुणा भरपूर असतात, आणि त्या नीट वाचल्या तर फार उपयोगी पडतात. बी बी अँड सी आय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) असा रेल्वेचा स्टेन्सिल असेल तर तो नोव्हेंबर १९५१ च्या आधीचा, कारण तेव्हा पश्चिम रेल्वे झाली. होळकर संस्थानचा शिक्का १९४८ पर्यंतचा, मध्य भारत सरकारचा १९४८ ते १९५६ मधला. महूच्या छावणीतून लिलावात आलेल्या पेटीवर कोंबडीच्या पावलासारखा तीन रेघांचा बाण शोधावा. तो ब्रिटिश सरकारी मालाचा. त्याच्यासोबत इंग्रजी आय हे अक्षर असेल तर माल भारतीय लष्कराचा. जवळ साल असेल तर ते पुरवठ्याचं. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. मिलच्या फिटरखात्याचा क्रमांक असलेली पेटी त्याच्या आधी तिथे वापरात होती, एवढंच त्यातून ठरतं. खणात अंथरलेल्या ‘नईदुनिया’च्या पानाचंही तेच. कागदावरची तारीख तो अंथरल्याच्या काळाची आहे. हे वर्तमानपत्र १९४७ मध्ये इंदुरात सुरू झालं, म्हणून त्याआधीचं पान मिळणारच नाही. पान फाडू नये, फोटो काढून परत तसंच ठेवावं.

आतल्या हिरव्या बनातीवर आणि लेबलांवर जांभळा दिवा धरावा, शक्यतो पेटी चादरीखाली घेऊन. कागद निळसर पांढरा झळकला तर त्यात साधारण १९५० नंतरचं उजळ करणारं रसायन आहे. धूळ किंवा साबणाचा डाग झळकू शकतो, म्हणून दोन-तीन जागी बघावं. मधला उंच खण कारागिराच्या संदर्भ-पुस्तकासाठी, म्हणजे हँडबुकसाठी असतो. तो पेटीत अजून असणं हे चांगलं लक्षण, कारण हरवला की तसा दुसरा मिळत नाही. खणांच्या पाठीवर पेन्सिलीचे क्रमांक असतात. ते ओळीने लागतात का आणि एकाच हाताचे आहेत का, ते पाहावं. एखादा वेगळा निघाला तर तो खण दुसऱ्या पेटीतला.

जुलै-ऑगस्टमध्ये लाकडी खण फुगून अडकतात. अडकलेला खण मुठीने ओढला की मूठ हातात येते आणि पुढची पट्टी सुटते. त्याच्या वरचा खण काढून आतून मागच्या बाजूने हलके ढकलावं. नाहीच निघाला तर थंडीत परत यायचं ठरवावं.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी वहीत दोनच ओळी लिहाव्यात: ‘अमुक सालाच्या आधीची नाही’ आणि ‘अमुक सालाच्या नंतरची नाही’, आणि प्रत्येकीपुढे कोणत्या भागावरून ते ठरलं. उत्पादकाच्या नावापुढे ‘बिल्ल्यावरून’, ‘ट्रान्सफरवरून’ किंवा ‘नुसत्या बांधणीवरून’ हेही लिहावं. बांधणीवरून लावलेल्या नावासमोर प्रश्नचिन्ह ठेवावं आणि पेटी विकताना ते पुसू नये.