टॅबवर मेंदूची चाचणी घेताना या चुका टाळा

अहवालात लिहिलं होतं, 'प्रतिसाद अत्यंत मंद'. बाई मात्र गप्पांत चटपटीत. शंका आली म्हणून शेजारी बसून पाहिलं, तर त्या काचेवर नखाने टकटक करत होत्या. टॅबला कातडीचा स्पर्श कळतो, नख कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या टकटकीला कुठे बोटाचं पेर टेकायचं आणि मग घड्याळ थांबायचं. रबरी टोकाची लेखणी हातात दिली आणि मंदपणा बराचसा गेला.

म्हणून आकडा विचित्र दिसला की आधी यंत्र, हात, चष्मा आणि श्रवणयंत्र तपासा. मेंदूचा नंबर त्यानंतर.

वेग मोजताना घोळ सर्वांत जास्त होतो. 60 हर्ट्झची स्क्रीन साधारण दर 16.7 मिलिसेकंदांनी चित्र बदलते. स्पर्श ओळखायला टॅबला आणखी वेळ लागतो, वायरलेस कीबोर्ड त्यात स्वतःची भर घालतो. या वेळी लॅपटॉप आणि तीन महिन्यांनी मोबाइल वापरला, तर मधला फरक रुग्णाचा की उपकरणाचा हे कोणीच सांगू शकणार नाही. उपकरण तेच ठेवा, बॅटरी सेव्हर आणि नोटिफिकेशन बंद करा, अ‍ॅपची आवृत्ती अहवालात नोंदवा. स्ट्रूपसारख्या चाचणीत (रंगाचं नाव न वाचता ते कोणत्या रंगात लिहिलंय ते सांगायचं) सोप्या आणि अवघड भागांतला फरक बघितला, तर उपकरणाचा ठरावीक उशीर दोन्हीकडून वजा होतो. तिथे मात्र नाइट मोड बंद हवा, नाहीतर रंगच बदलतात.

दुसरी चूक आळसातून होते: कागदी चाचणीचे नॉर्म्स, म्हणजे तुलनेसाठी इतर लोकांवर काढलेले आकडे, टॅबवरच्या गुणांना लावणं. ट्रेल मेकिंग या चाचणीत कागदावर विखुरलेले आकडे क्रमाने जोडत पेन्सिलने रेघ ओढायची असते, चूक झाली की परीक्षक तिथेच थांबवतो आणि घड्याळ चालूच राहतं. टॅबवर नुसते ठिपके दाबायचे असतील तर ते काम वेगळं आहे. अमेरिकेतल्या न्यूरोसायकॉलॉजिस्टांच्या दोन संघटनांनी 2012 मध्ये संयुक्त निवेदनात हेच बजावलं होतं: जुनी चाचणी संगणकावर आणली की ती नवी चाचणी धरा. नॉर्म्स कोणत्या वयाच्या, शिक्षणाच्या आणि भाषेच्या लोकांवर काढलेत, हेही पाहा. ज्याने आयुष्यात टचस्क्रीन वापरला नाही, त्याला आधी खेळून हात बसवू द्या.

व्हिडिओ कॉलवर लक्षात ठेवायचे अंक वाचून दाखवताना आवाज तुटला, तर अंकांची तीच ओळ पुन्हा वाचू नका. ती रद्द करून पर्यायी ओळ द्या आणि तशी नोंद करा. घरच्यांना कॅमेऱ्यात दिसेल असं बसवा. प्रेमापोटी ओठ हलवून उत्तर सुचवणारे नातेवाईक भरपूर आहेत.

उजव्या मेंदूला पक्षाघात झालेल्या रुग्णाचे गुण पडले, तर एकूण बेरीज बाजूला ठेवा. सुटलेली उत्तरं स्क्रीनच्या कोणत्या बाजूची आहेत? सगळी डावीकडची असतील तर स्मृतीला दोष देऊ नका. डाव्या बाजूकडे लक्षच जात नसेल, किंवा तिथली दृष्टी गेलेली असेल. अशा माणसासाठी 'पुढे' हे बटण डाव्या कोपऱ्यात असेल तर तो तिथेच अडकून बसतो, आणि अ‍ॅप त्याची 'असमर्थ' अशी नोंद करून मोकळं होतं.

आता पुनर्वसन. इथे माझी तक्रार मोठी आहे. मेंदूच्या व्यायामाच्या अ‍ॅपमध्ये खेळातली पातळी 4 वरून 11 वर गेली म्हणून घरचे खूश, आणि गॅस अजूनही चालूच राहतो. अमेरिकेतल्या 'अ‍ॅक्टिव्ह' अभ्यासात 65 वर्षांवरच्या 2,832 जणांपैकी काहींना स्मृतीचं, काहींना तर्काचं, तर काहींना वेगाचं प्रशिक्षण दिलं. जे शिकवलं ते सुधारलं, बाकीच्या क्षमता फारशा हलल्या नाहीत. ल्युमॉसिटी या मेंदूच्या खेळांच्या अ‍ॅपच्या कंपनीने तर 2016 मध्ये अतिरंजित दाव्यांच्या प्रकरणात 20 लाख डॉलर भरायचं मान्य केलं.

आणखी एक गोष्ट. स्मृती खूपच गेलेल्या माणसाला 'अंदाज लावा' म्हणणारं अ‍ॅप देऊ नका. चुकल्याचं त्याला आठवत नाही, पण चुकीचं उत्तर डोक्यात रुजतं. बॅडली आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये हे दाखवलं. आधी पूर्ण उत्तर दाखवा, मग खुणा एकेक करून कमी करा.

साधी आठवण मात्र खरंच कामाला येते. न्यूरोपेज म्हणजे ठरलेल्या वेळी कामाची आठवण पाठवणारी पेजरसेवा; तिच्या 2001 मधल्या चाचणीत 143 जण होते, आणि ती पूर्ण करणाऱ्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक जणांना पेजरमुळे रोजची कामं लक्षणीयरीत्या जास्त जमली. मोबाइलचा गजर तेच काम करू शकतो, पण तो बहुतेक घरांत चुकीचा लावलेला असतो. गोळ्या एका खोलीत, फोन दुसरीकडे. माणूस गजर बंद करतो, उठतो आणि वाटेतच विसरतो. फोन गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवा, संदेशात नुसतं 'औषध' न लिहिता 'आत्ता निळ्या डबीतली एक गोळी घे' असं लिहा, आणि 'नंतर आठवण करा'चा पर्याय काढून टाका.