डेथ कॅप ओळखताना देठाचा बुंधा आधी पाहावा

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात हिवाळी पाऊस सुरू झाला की ओकच्या झाडांखाली डेथ कॅप उगवते. ही विषारी अळंबी मूळची युरोपातली असली, तरी येथील कोस्ट लाइव्ह ओकच्या मुळांशी तिने आता पक्का जम बसवला आहे. कोकणात किंवा गोव्यात वारुळावरची अळंबी ओळखायला शिकलेल्यांनी येथे त्या ओळखीवर मुळीच विसंबू नये, कारण ती अळंबी वाळवीच्या वारुळावाचून उगवत नाही आणि अमेरिका खंडात ती नाहीच. पुढे दिलेली पद्धत धोका ओळखण्यासाठी आहे. एखादी अळंबी खाण्यास योग्य ठरवण्यासाठी तिचा वापर करू नये.

शिजवताना चांदीचा चमचा किंवा लसूण काळा पडला तरच अळंबी विषारी असते आणि गोगलगायींनी कुरतडलेली अळंबी निर्धोक असते, असे अजूनही सांगितले जाते. हे दोन्ही सल्ले जीवघेणे आहेत. डेथ कॅप गोगलगायी बिनदिक्कत खातात, तिने चमचा काळा पडत नाही, ती चवीला कडू लागत नाही, आणि तिच्यातील अमाटॉक्सिन हे विष उकळल्याने किंवा वाळवल्याने नष्ट होत नाही.

प्रथम झाड पाहावे. ओकची मुळे दूरवर पसरतात, त्यामुळे खोडापासून काही मीटर अंतरावरच्या हिरवळीत उगवलेली अळंबीही संशयास्पदच मानावी.

टोपी साधारण ५ ते १५ सेंटीमीटर रुंद असते. तिचा रंग हिरवट पिवळ्यापासून पितळी छटेपर्यंत बदलतो आणि काही वेळा ती जवळजवळ पांढरी असते, म्हणून केवळ रंगावरून निर्णय घेऊ नये. टोपीखालच्या पात्या पांढऱ्या असतात आणि देठाला चिकटलेल्या नसतात.

खरी कसोटी बुंध्याची आहे, आणि मलाही सर्वाधिक काळ याच पायरीने अडवले. डेथ कॅपचा बुंधा फुगीर असून तो पांढऱ्या, पातळ, फाटक्या पिशवीत बसलेला असतो. ही पिशवी बहुतेक वेळा पूर्णपणे माती आणि पालापाचोळ्याखाली दडलेली असते. अळंबी देठाशी चाकूने कापावी, म्हणजे जमिनीतील बुरशीच्या तंतूंच्या जाळ्याला इजा होत नाही, हा सल्ला फार लोकप्रिय आहे. परंतु ओळख पटवायची असेल तेव्हा तो सपशेल चुकीचा आहे, कारण कापणारा सर्वांत महत्त्वाचा पुरावा जमिनीतच सोडून येतो. देठ धरून उपटणेही तितकेच वाईट, कारण पिशवी तुटून मातीत राहते आणि हातात येतो तो निरुपद्रवी वाटणारा, साधा पांढरा देठ. त्याऐवजी देठापासून चार बोटे दूर खुरपे खोल खुपसावे, चारही बाजूंनी माती सैल करावी आणि ढेकळासकट अळंबी वर उचलावी. मग मऊ ब्रशने, घाई न करता, माती झाडावी. पाण्याखाली धुऊ नये. पिशवीचे तुकडे वाहून जातात. हाताळल्याने विषबाधा होत नाही, तरी नंतर हात स्वच्छ धुवावेत.

पिशवी दिसली नाही म्हणजे धोका टळला, असे मात्र कधीही समजू नये. जुन्या अळंबीत ती कुजलेली किंवा किड्यांनी खाल्लेली असू शकते. देठाच्या वरच्या भागात पदरासारखे लोंबणारे कडेही पावसाने गळून पडते. खूण सापडली तर ती निर्णायक मानावी. न सापडल्यास तिच्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये, एवढा एकच नियम मी काटेकोरपणे पाळतो.

कोवळी डेथ कॅप अंड्यासारख्या पांढऱ्या आवरणात बंद असते, आणि आशियात भाताच्या पेंढ्यावर वाढवली जाणारी अळंबीही कोवळेपणी अशाच पिशवीत असते. या साम्यामुळे अमेरिकेत स्थायिक झालेल्या आशियाई कुटुंबांत विषबाधा झाल्या आहेत. पेंढ्याच्या अळंबीच्या देठावर कडे नसते आणि तिचे बीजाणू, म्हणजे पात्यांतून गळणारे बीसारखे सूक्ष्म कण, गुलाबी असतात, पण अंड्याच्या अवस्थेत हे फरक दिसत नाहीत. त्यामुळे जंगलातले असे अंडे स्वयंपाकघरात आणूच नये.

बीजाणूंच्या ठशासाठी टोपी काळ्या कागदावर पालथी ठेवून वाडग्याने रात्रभर झाकावी. डेथ कॅपचा ठसा पांढरा उमटतो.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडील ईस्ट बे रीजनल पार्क्स या सार्वजनिक उद्यानांच्या हद्दीत अळंबी काढण्यास मनाई आहे. तेथे फक्त निरीक्षण करावे.

कोणी डेथ कॅप खाल्ली असल्याचा संशय आल्यास त्रास सुरू होण्याची वाट पाहू नये. उलट्या आणि जुलाब साधारण ६ तासांनंतर, पुष्कळदा त्याहूनही उशिरा सुरू होतात. मग रुग्णाला काही काळ बरे वाटते आणि त्याच काळात यकृत निकामी होत असते. डिसेंबर २०१६ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात अशा विषबाधेच्या १४ घटना नोंदवल्या गेल्या आणि त्यांतील तिघांना यकृताचे प्रत्यारोपण करावे लागले. अमेरिकेत १-८००-२२२-१२२२ या विषबाधा मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, आणि उरलेली अळंबी किंवा तिचे तुकडे, शिजवलेले असले तरी, कागदी पिशवीत घालून रुग्णासोबत रुग्णालयात न्यावेत.