परड्यातला पेरू अखेर धरला

आमच्या वडगावच्या परड्यात सहा वर्षांचा पेरू आहे. झाड एवढं डेरेदार की खाली दोन खाटा मावतील, पण फळ एक नाही. न्हाणीचं पाणी बारमाही त्याच्याच आळ्यात जायचं, वर पावसाळ्यात मी युरिया टाकायची. खानापूरचे मामा आले, पान चुरगाळून बघितलं आणि म्हणाले, "अगं, हे नुसतं पाल्यावर गेलंय. जरा उपाशी ठेव की."

युरिया बंद केला. फेब्रुवारीत न्हाणीचं पाणी केळीकडे वळवलं. पानं गळायला लागली तेव्हा जीव कळवळला, पण मामांनी तांब्याभरही घालू दिलं नाही. मेच्या मध्यात शेंडे वीतभर छाटले, सरळ उभ्या फांद्या सुतळीने वाकवून दगडांना बांधल्या, शेणखत घातलं, मगच पाणी सोडलं. पेरूला फूल येतं ते नव्या फुटीवर, म्हणून ही सगळी खटपट. थोड्याच दिवसांत वाकलेल्या फांद्यांवर चौकोनी दांड्याचे कोवळे फुटवे आले आणि जूनमध्ये पानांच्या बगलेत जोंधळ्याएवढ्या हिरव्या कळ्या दिसल्या. मी एकेक मोजत बसले.

डिसेंबरात टोपलीभर पेरू उतरवले. पहिली पिशवी खानापूरच्या बसने मामांकडे गेली.